घडीमागचे चित्र

दिवाळीच्या अंकात, चकलीच्या बशीशेजारी ठेवून वाचायच्या लेखात, प्रेताचे नाव काढले म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी रागावू नये. हे प्रेत खरे नव्हे. ते एका खेळाचे नाव आहे, आणि तो खेळ घरात लहानथोरांनी मिळून खेळण्याजोगा आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी पॅरिस शहरात काही तरुण कवींनी आणि चित्रकारांनी तो मांडला आणि त्याला ‘देखणे प्रेत’ असे विचित्र नाव दिले. पुढे पंधरा वर्षांनी त्यांचा देश पडला, त्यांच्यापैकी कित्येकांच्या जिवावर बेतले, आणि तेव्हाही ही मंडळी कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन अशाच खेळात बसली होती. शिकलीसवरलेली, चाळिशीच्या घरात आलेली माणसे अशा वेळी खेळत का बसली असतील, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी खेळ समजून घेऊ. एक कोरा कागद घ्यावा. पहिल्याने वरच्या भागात डोके काढावे. ते माणसाचे असो, पाखराचे असो, नाहीतर किटलीचे असो. मग कागदाला अशी घडी घालावी की चित्र झाकले जाईल आणि मानेच्या दोन रेघा तेवढ्या घडीच्या खाली अर्धे बोट डोकावत राहतील. दुसऱ्याने त्या दोन रेघा धरून धड काढावे आणि पुन्हा घडी घालून कागद पुढे द्यावा. तिसऱ्याने पाय काढावेत. चौथा गडी असेल तर त्याने पावले काढावीत. वर काय आहे ते कोणी विचारायचे नाही, कोणी सांगायचे नाही. शेवटी कागद उलगडायचा. माणूस म्हणून सुरू झालेली आकृती झाडात, यंत्रात किंवा पशूत जाऊन संपलेली दिसते आणि सगळे खो खो हसतात.

आता यात नवे ते काय, असे कोणी विचारील तर ते बरोबरच आहे. मी शाळामास्तर आहे. शेवटच्या बाकावरून पुढे सरकत आलेल्या अशा घडीच्या चिठ्ठ्या मी पुष्कळ जप्त केल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींवरची धडे आणि पाय माझ्याच ओळखीचे होते. युरोपातही घडीच्या कागदाचे असे खेळ दिवाणखान्यांतून फार पूर्वीपासून चालत. पॅरिसच्या मंडळींनी खेळ शोधून काढला असे म्हणण्यापेक्षा त्यांनी तो मुलांच्या हातून घेतला आणि मन लावून खेळला, असे म्हणणे अधिक खरे होईल.

*

ही गोष्ट सुरू होते ती १९२५ च्या सुमारास, पॅरिसच्या मोंपार्नास भागात, रू द्यू शातो नावाच्या रस्त्यावरच्या ५४ क्रमांकाच्या घरात. तिथे तीन मित्र राहत. मार्सेल द्युआमेल, जाक प्रेव्हेर आणि ईव्ह ताँगी. प्रेव्हेर पुढे फ्रान्सचा अतिशय लोकप्रिय कवी झाला. ताँगी काही काळ व्यापारी जहाजांवर खलाशी होता. चित्रकलेच्या शाळेत तो कधी गेला नाही. या घराला दार असून नसल्यासारखे होते. संध्याकाळी आंद्रे ब्रताँ यायचा, बँजामँ पेरे यायचा, माक्स मोरीज यायचा, ब्रताँची पत्नी सिमोन असायची, आणि मग कागद पुढ्यात येत.

पहिल्यांदा खेळ शब्दांचा होता. एकाने नाम लिहायचे, दुसऱ्याने विशेषण, तिसऱ्याने क्रियापद, मग पुन्हा एक नाम, पुन्हा एक विशेषण. सुरुवातीच्या अशाच एका डावात जे वाक्य उलगडले त्यात एक देखणे प्रेत नवी दारू पिणार होते. वाक्य वाचून मंडळींना इतका आनंद झाला की त्याचे पहिले दोन शब्द खेळाचे नाव होऊन बसले. फ्रेंचमध्ये विशेषण नामाच्या मागून येऊ शकते म्हणून प्रेत आधी आणि देखणेपण नंतर. आपल्या मराठीत हा खेळ मांडायचा तर विशेषण आधी घ्यावे लागेल आणि क्रियापदाला शेवटपर्यंत थांबावे लागेल. लिंगवचनाचा घोळ तर ठरलेलाच. एकाने ‘निळा’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘मांजर’ लिहिले की मास्तराला मध्ये पडावेच लागते. तेवढी दुरुस्ती मागाहून करण्याची मुभा ठेवली म्हणजे झाले.

शब्दांवरून खेळ लवकरच चित्रांवर गेला. १९२७ च्या ऑक्टोबरात या मंडळींच्या ‘ला रेव्होल्युसियाँ स्युररेआलिस्त’ या नियतकालिकात त्यांतली काही चित्रे छापली गेली. ताँगी, जोआन मिरो, माक्स मोरीज आणि मॅन रे या चौघांनी मिळून काढलेले एक चित्र आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे. मिरोचे नाव ज्यांनी ऐकले आहे त्यांना ठाऊक असेल की त्याच्या एकट्याच्या चित्राला पुढे काय मोल आले. इथे मात्र त्याने कागदाचा एक पट्टा भरला आणि तो दुसऱ्याच्या हाती दिला.

हे सगळे केवळ गंमत म्हणून चालले होते का? गंमत तर होतीच. पण तिच्यामागे एक जुनी जखमही होती. ब्रताँचा जन्म १८९६ चा. तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, साँ-दिझिए गावच्या मनोरुग्णांच्या लष्करी केंद्रात त्याला कामाला घातले गेले. तोफांच्या भडिमाराने भान हरपलेले जवान तिथे येत. त्यांची असंबद्ध बडबड हा तरुण कान देऊन ऐके, टिपून घेई. फ्रॉइडचे विचार तेव्हा फ्रान्समध्ये फारसे कोणाला ठाऊक नव्हते. ब्रताँने ते तिथे हुडकले. शहाण्या, सुसंस्कृत, हिशेबी युरोपने चार वर्षे शहाणपणाने योजना आखून लाखो पोरे मारली, आणि त्यातून वेड्या झालेल्यांच्या तोंडून मात्र अशा प्रतिमा निघत होत्या की कवीने थक्क व्हावे. या अनुभवातून आलेला माणूस बुद्धीच्या कारभारावर सहजासहजी विश्वास ठेवील कसा?

१९१९ मध्ये त्याने फिलिप सुपो या मित्राबरोबर एक पुस्तक लिहिले. दोघांनी मिळून, भराभर, मागे वळून न वाचता. १९२४ च्या ऑक्टोबरात त्याने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. मनाच्या तळाशी जे स्वप्नासारखे वाहत असते ते बुद्धीच्या पहारेकऱ्याला चुकवून वर आणायचे, असा त्या पंथाचा थोडक्यात मतलब. पण एकट्या माणसाला आपल्याच पहारेकऱ्याला चुकवणे जड जाते. तो डोळे मिटून बसला तरी एक डोळा किलकिला राहतोच. कागदाच्या घडीने हे काम सोपे केले. वर काय आहे हेच माहीत नाही, तर सुसंगत काढण्याचा मोह होणार कसा? आणि जे निघाले ते कोणाचे, हा प्रश्नही उरत नाही. ज्याने डोके काढले त्याला पाय ठाऊक नव्हते आणि ज्याने पाय काढले त्याला डोके.

खेळ पसरत गेला. व्हालाँतीन ह्यूगो या चित्रकर्तीच्या सहवासात १९३० च्या आसपास ही मंडळी काळ्या कागदावर रंगीत खडूने चित्रे काढू लागली. शाळेच्या फळ्यावर काढावीत तशी ती दिसतात. १९३२ साली मेक्सिकोची फ्रीदा काहलो आणि तिची मैत्रीण ल्युसिएन ब्लॉख यांनी अमेरिकेत असताना अशीच घडीची चित्रे काढली. १९३८ मध्ये ब्रताँ, त्याची दुसरी पत्नी जाकलीन लाम्बा आणि ताँगी यांनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि मासिकांतली छापील चित्रे कात्रीने कापून, चिकटवून खेळ मांडला. त्याच वर्षी ब्रताँ आणि कवी पोल एल्युआर यांनी अतिवास्तववादाचा एक छोटा कोश काढला, त्यात या खेळाची रीतसर व्याख्याही घातली. पोरखेळ कोशात जाऊन बसला.

*

इथवर वाचून वाचकांना वाटेल की ही मोठी प्रेमळ मित्रमंडळी असावी. तसे म्हटले तर ते खोटे ठरेल. कागदावर ज्याने स्वतःला इतके विसरले तो ब्रताँ बैठकीत मात्र हुकमी स्वभावाचा होता. कोण आपला, कोण बाहेरचा, याचे निकाल तो देई. १९२९ च्या अखेरीस त्याने दुसरा जाहीरनामा काढला आणि जुन्या सोबत्यांपैकी कित्येकांचा त्यात नाव घेऊन उद्धार केला. सोबत्यांनीही ऐकून घेतले नाही. १९३० च्या जानेवारीत त्यांनी एक पत्रक छापले. त्यावर ब्रताँचे मिटल्या डोळ्यांचे, काट्यांचा मुकुट घातलेले छायाचित्र होते आणि वर मथळा होता, ‘एक प्रेत’. १९२४ साली आनातोल फ्रान्स हा ज्येष्ठ लेखक वारला तेव्हा ब्रताँच्या मंडळींनी त्याच्यावर याच मथळ्याचे निर्दय पत्रक काढले होते. ते शस्त्र आता उलटले. सही करणाऱ्यांत रू द्यू शातोच्या घरातला प्रेव्हेर होता, आणि मिरोच्या धडाखालची आकृती पुढे नेणारा मोरीजही होता.

ही हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटले नाही. खेळात आपण जसे असतो तसे खेळ संपल्यावर राहत नाही. घडीच्या कागदाने या माणसांना काही काळ समान केले. कायमचे केले नाही. पुढे मार्सेय शहरात जे घडले त्याची किंमत कळायला हे ध्यानात असलेले बरे.

*

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स कोसळला. २२ जूनला जर्मनीशी तह झाला. त्याच्या १९ व्या कलमात असे होते की, जर्मन सरकार ज्या जर्मन माणसांची नावे देईल त्यांना फ्रेंच सरकारने मागणीसरशी हवाली करावे. हिटलरच्या राज्यातून पळून फ्रान्सच्या आसऱ्याला आलेले लेखक, चित्रकार, राजकीय कार्यकर्ते हजारोंनी दक्षिणेकडे लोटले आणि मार्सेयच्या बंदरात येऊन अडकले. समोर समुद्र होता, पण जहाजावर चढायला कागद हवे होते. अमेरिकेचा परवाना हवा, स्पेनमधून जाण्याचा हवा, पोर्तुगालमधून जाण्याचा हवा, आणि फ्रान्स सोडण्याचा तर हवाच. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. रांगेत नाव सांगावे लागे, जन्मगाव सांगावे लागे, आणि १९४० च्या ऑक्टोबरात आलेल्या नव्या कायद्यांनंतर आपण ज्यू आहोत की नाही हेही सांगावे लागे. परदेशी ज्यूंना छावणीत टाकण्याचा अधिकार त्या कायद्यांनी अधिकाऱ्यांना दिला होता.

त्या ऑगस्टमध्ये व्हेरियन फ्राय नावाचा बत्तीस वर्षांचा अमेरिकन पत्रकार मार्सेयला उतरला. न्यूयॉर्कच्या एका मदत समितीने त्याला पाठवले होते. जवळ तीन हजार डॉलर होते आणि वाचवायच्या सुमारे दोनशे माणसांची यादी होती. काही आठवड्यांत परत जायचे म्हणून आलेला हा माणूस तेरा महिने राहिला आणि त्याने व त्याच्या साथीदारांनी सुमारे दोन हजार माणसे बाहेर काढली. काही कायद्याने, काही कायदा चुकवून.

ऑक्टोबरच्या अखेरीस फ्रायच्या सोबत्यांनी शहराबाहेर ला पोम या भागात एर-बेल नावाचा एक जुना, अठरा खोल्यांचा बंगला भाड्याने घेतला. तिथे ब्रताँ, जाकलीन आणि त्यांची पाच वर्षांची होऊ घातलेली मुलगी ओब राहायला आली. रशियन क्रांतिकारक लेखक व्हिक्टर सर्ज कुटुंबासह आला. त्याने बंगल्याचे नाव ठेवले ‘परवान्याची आस लावून बसलेला वाडा’. हिवाळा कडक होता आणि खायला पुरेसे मिळत नव्हते. ब्रताँ बागेत किडे गोळा करी आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध फुलांऐवजी प्रार्थना-कीटकांची बाटली ठेवी, असे फ्रायने लिहून ठेवले आहे.

डिसेंबरच्या आरंभी सरकारप्रमुख मार्शल पेताँ मार्सेयला येणार म्हणून पोलिसांनी शहरातून हजारो माणसे उचलली. एर-बेलची झडती झाली. कागदांत एक कोंबड्याचे चित्र सापडले आणि त्यावरची अक्षरे मार्शलसाहेबांचा अपमान करणारी आहेत असे पोलिसांना वाटले. ब्रताँ म्हणाला की शब्द तो नव्हेच. चित्र जप्त झाले आणि बंगल्यातली मोठी मंडळी चार दिवस ‘सिनाया’ नावाच्या जहाजाच्या पोटात कोंडली गेली. मीही चिठ्ठ्या जप्त करतो हे वर सांगितलेच. पण ही हकीकत वाचल्यापासून तसे करताना हात जरा अडखळतो.

*

रविवारी या बंगल्यावर माणसे जमत. क्यूबाचा विफ्रेदो लाम येई. जर्मन म्हणून दोनदा फ्रेंच छावणीत पडून आलेला माक्स अर्न्स्ट येई. आंद्रे मासाँ, जाक एरोल्द, फ्रेदेरिक दलाँग्लाद येत. व्हिक्टर ब्राउनर येई आणि ऑस्कर दोमिंगेझही येई. या दोघांची एक गोष्ट सांगायला हवी. १९३८ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये एका भांडणात दोमिंगेझने तिसऱ्यावरच पेला भिरकावला आणि तो ब्राउनरच्या डोळ्याला लागला. ब्राउनरचा तो डोळा गेला. विलक्षण म्हणजे सात वर्षे आधी, १९३१ साली, त्याने स्वतःचे एक चित्र काढले होते आणि त्यात आपला एक डोळा फुटलेला दाखवला होता. ज्याचा डोळा गेला तो आणि ज्याच्या हातून गेला तो, आता परमुलखात एकाच टेबलाशी बसून एकाच कागदावर रेघा ओढत होते.

आधी त्यांनी जुने खेळ खेळले, एकत्र चित्रे काढली. मग, १९४१ च्या वसंतापूर्वी, त्यांनी पत्त्यांचा एक नवा जोड काढायला घेतला. पत्ते आपल्या सर्वांच्या घरी असतात. त्यांत बदाम, इस्पिक, चौकट, किलवर. त्यांत राजा, राणी, गुलाम. या मंडळींनी सगळे बदलले. चार रंगांच्या जागी चार गोष्टी आल्या. प्रेमासाठी लाल ज्योत, स्वप्नासाठी काळा तारा, क्रांतीसाठी रक्ताळलेले लाल चाक, आणि ज्ञानासाठी काळे कुलूप. राजाला काढून तिथे प्रतिभावंत बसवला, राणीच्या जागी सागरकन्या आणि गुलामाच्या जागी मांत्रिक. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ साली, असाच एक जोड निघाला होता. त्यात राजांच्या जागी प्रतिभा, राण्यांच्या जागी स्वातंत्र्य आणि गुलामांच्या जागी समता होती. पत्त्यांत मोठे बदल होतात ते मोठ्या पराभवांच्या काळात, असे ब्रताँचे निरीक्षण होते. पराभव तर त्यांच्या खिडकीबाहेर उभा होता.

कोणी कोणता पत्ता काढायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरले. जाकलीनच्या वाट्याला प्रेमाचा प्रतिभावंत म्हणून कवी बोदलेर आला आणि क्रांतीचा एक्का आला. लामने स्वप्नाचे दोन पत्ते काढले. चोविसाव्या वर्षी वारलेला कवी लोत्रेआमाँ, आणि आपल्या मुलांनाही ठाऊक असलेली अद्भुतनगरीतली अॅलिस. स्वप्नाचा मांत्रिक फ्रॉइड दोमिंगेझकडे गेला. अर्न्स्टने मेक्सिकोचा बंडखोर पांचो व्हिया काढला. मासाँने प्रेमपत्रांसाठी प्रसिद्ध असलेली पोर्तुगीज जोगीण आणि कवी नोव्हालिस काढले. एरोल्दकडे साद आणि स्तांदालच्या कादंबरीतली लामिएल आली. ब्रताँने पॅरासेल्सस हा जुना वैद्य आणि कुलपाचा एक्का काढला. जोकर होता आल्फ्रेद जारीच्या नाटकातला ढेरपोट्या राजा उब्यू. साऱ्या जोडात राजा म्हणून उरला तो हा एकच विदूषक. शेवटी सगळे पत्ते एका वळणाचे दिसावेत म्हणून दलाँग्लादने ते पुन्हा एका हाताने काढले.

ब्राउनरकडे ज्ञानाचे दोन पत्ते आले. एक तत्त्वज्ञ हेगेल, आणि दुसरी एलेन स्मिथ. ही कोण, हे मराठी वाचकांनी मुद्दाम ऐकावे. जिनीव्हातली ही एक दुकानात काम करणारी बाई. समाधी लागली की ती मंगळावर जाऊन येई, तिथली भाषा बोले, लिहून दाखवी. याहून मौज म्हणजे पूर्वजन्मी आपण हिंदुस्थानात, कानडी मुलखातल्या चंद्रगिरीच्या किल्ल्यावर, पंधराव्या शतकाच्या आरंभी सिमांदिनी नावाची राणी होतो, असे ती सांगे आणि संस्कृतसारखे काही बोलून दाखवी. तेओदोर फ्लूर्नुआ या मानसशास्त्रज्ञाने तिच्यावर १९०० च्या सुमारास मोठा ग्रंथ लिहिला. तिचे ‘संस्कृत’ तपासायला प्रत्यक्ष फेर्दिनाँ द सोस्युर हा भाषाशास्त्राचा आचार्य बसला होता! ते खरे संस्कृत नव्हते, मोडकेतोडके तुकडे होते. तरी या चित्रकारांनी तिला ज्ञानाच्या रांगेत हेगेलशेजारी बसवले. मंगळ काय आणि चंद्रगिरी काय, तिने दोन्ही घरबसल्या गाठले होते. परवाना मागायला ती कोणाच्या दारी गेली नव्हती.

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे कुठेतरी असावे. त्या हिवाळ्यात मार्सेयमध्ये प्रत्येक माणूस कागदाने मोजला जात होता. कागदावर नाव, नावापुढे धर्म, धर्मापुढे शिक्का. चूक झाली की छावणी. आणि रविवारी दुपारी हीच माणसे दुसऱ्या प्रकारच्या कागदाशी बसत. त्या कागदावर कोणता भाग कोणाचा हे महत्त्वाचे नव्हते. शेजारच्याने दिलेली रेघ पुढे न्यायची एवढेच काम. अशा खेळाने कोणाचा परवाना लवकर आला नाही, की कोणाची भूक भागली नाही. पण रांगेतल्या माणसाला आठवडाभर जे विसरायला लावले जाई, की आपण कोणाच्या तरी हातातली रेघ धरून पुढे जाणारा माणूस आहोत, ते त्याला रविवारी पुन्हा आठवत असावे. ब्रताँसारखा तापट पुढारी आणि पेल्याची आठवण मध्ये असलेले दोन चित्रकार, यांनाही ते लागू पडले.

*

जोड पुरा झाला आणि डाव मोडला. १९४१ च्या मार्चअखेर ‘कापितेन पोल-लमेर्ल’ हे लहानसे जहाज मार्सेयहून मार्तिनिक बेटाकडे निघाले. सुमारे साडेतीनशे उतारू आणि केबिनी दोन. त्यांत ब्रताँ, जाकलीन, छोटी ओब, लाम, व्हिक्टर सर्ज होते. आना सेगर्स ही जर्मन लेखिका होती. आणि पुढे मोठा मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला क्लोद लेव्ही-स्त्रोस होता. त्याची आणि ब्रताँची ओळख या बोटीवर झाली. मासाँ त्याच वसंतात सुटला आणि अर्न्स्ट उन्हाळ्यात अमेरिकेला पोचला.

ब्राउनरला परवाना मिळाला नाही. तो रुमानियाचा ज्यू. फ्रान्समध्येच, आल्प्सच्या डोंगराळ भागात लपून त्याने युद्ध काढले. रंग मिळेनात तेव्हा त्याने मेण वापरून चित्रे काढली. एरोल्दही रुमानियाचा ज्यू. तोही फ्रान्समध्येच राहिला. दोघेही वाचले. ज्या बंगल्यात चिठ्ठी टाकून पत्ते वाटले गेले तिथल्या माणसांचे नशीबही असे जणू चिठ्ठीनेच वाटले गेले. फ्रायला फ्रेंच सरकारने १९४१ च्या सप्टेंबरात हद्दपार केले. १९६७ मध्ये तो वारला. त्याची खरी ओळख जगाला फार उशिरा पटली. १९९४ साली इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने, ज्यूंना वाचवणाऱ्या सत्पुरुषांच्या यादीत त्याचे नाव घातले. अमेरिकनांपैकी तो पहिला.

ब्रताँने पत्त्यांची हकीकत १९४३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हीव्हीव्ही’ या नियतकालिकात छापली. १९४६ मध्ये तो मायदेशी परतला आणि १९४८ मध्ये पॅरिसच्या एका दालनात घडीच्या जुन्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्या वेळी ब्रताँने खेळाची हकीकत लिहिली. १९६६ मध्ये तो वारला. मार्सेयचा जोड १९८३ साली खऱ्याखुऱ्या पत्त्यांच्या रूपात बाजारात आला. एर-बेलचा बंगला आज उभा नाही. पण त्या टेबलावर काढलेली मूळ चित्रे मार्सेयच्याच कान्तिनी संग्रहालयात आहेत. २००३ साली ती तिथे दिली दोघींनी. त्यांतली एक होती ओब, त्या हिवाळ्यात पाच वर्षांची झालेली ती मुलगी, आणि दुसरी ओबची मुलगी. मोठ्या माणसांना टेबलाशी वाकून पत्ते रंगवताना जिने पाहिले असेल तिने, साठ वर्षे उलटल्यावर, ते पत्ते जिथे काढले त्या गावाला परत केले.

*

या दिवाळीत घरी चारजण जमले की एक कागद घ्या. वर सांगितला तसा तीन ठिकाणी दुमडा. आजीला डोके काढू द्या; आपल्याला चित्र येत नाही असे ती म्हणेल, पण तिच्या हातची रांगोळी रोज दारात असते हे तिला आठवून द्या. धड धाकट्याला द्या. घरात ज्या दोघांचे सध्या पटत नसेल त्यांना शेजारी बसवा. एक नियम तेवढा कसोशीने पाळा. घडीपलीकडे डोकवायचे नाही, आणि आपल्या रेघा पुढच्यासाठी अर्धे बोट खाली न्यायला विसरायचे नाही. पुष्कळ मुले नेमके हेच विसरतात. मग डोके एकीकडे राहते, धड दुसरीकडे, आणि कागद उलगडला तरी कोणाला हसू येत नाही.

चित्र झाले की मागे तारीख घालून ठेवा. कोणी काय काढले ते नाही लिहिले तरी चालेल.